मूल्ये कोणाची?

यंत्राला मानवी मूल्ये शिकवावयाची, अशी भाषा आज बड्या कंपन्यांच्या तोंडी आहे. हे शिक्षण प्रत्यक्षात चालते कसे? यंत्राची दोन उत्तरे माणसापुढे ठेवतात, त्यातले एक तो निवडतो. अशा असंख्य निवडींतून यंत्राला वळण लागते. काहींच्या वाट्याला मात्र हिंसेची व अत्याचाराची वर्णने दिवसभर वाचून ‘हे त्याज्य’ अशी खूण करण्याचे काम येते. ‘चॅटजीपीटी’साठी ते केनियातील श्रमिकांनी केले. तासाला सुमारे १.३२ ते २ डॉलर त्यांच्या हाती पडत, हे ‘टाइम’ नियतकालिकाने जानेवारी २०२३ मध्ये उघड केले. या वाचनाने मनावर आघात झाल्याचे काहींनी सांगितले.

त्याज्य काय, हे कंपनीने ठरवावे आणि त्याची झळ मजुराने सोसावी, हा न्याय श्रमिकांच्या परिचयाचा आहे. ज्यांच्या श्रमातून यंत्राची नीती घडते, त्यांना त्या नीतीविषयी मताधिकार नसेल, तर तिला मानवी म्हणावे कसे?

१ मे २०२३ रोजी नैरोबीत अशा दीडशेहून अधिक श्रमिकांनी संघटना उभारण्याचा निर्धार केला. त्यांना रास्त वेतन आणि नियम ठरविण्यात वाटा मिळाला पाहिजे. समाजवाद्यांनी ही मागणी आपली मानली पाहिजे.