तत्त्वचर्चेची बैठक
(न्यासाच्या महोत्सवप्रसंगी बेळगाव येथे केलेले भाषण)



आपल्या वाचनालयात दर गुरुवारी संध्याकाळी तत्त्वज्ञानाची बैठक भरते. तिच्याविषयी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली, म्हणून आम्ही उभे आहोत. आम्ही म्हणजे बैठकीतली पंधरावीस माणसे: निवृत्त कारकून, एक वैद्य, दवाखान्यातल्या एक परिचारिका आणि आमच्यासारखे दोनतीन शाळामास्तर.

बैठकीत जाऊ लागलो तेव्हा आम्हांस दोन्हीकडून एकच प्रश्न आला. बाहेरचे म्हणत, "मास्तर, तुमचा आणि उपनिषदांचा काय संबंध?" घरचे वडीलधारे म्हणत, "हे नवीन काय काढलंत? उद्या नमाजही सोडाल!" पहिल्यांना उत्तर देणे सोपे होते. दारा शुकोह याने काशीच्या पंडितांना बसवून १६५७ साली सुमारे पन्नास उपनिषदे फारसीत आणली. त्या फारसीवरून १८०१-०२ मध्ये लॅटिन भाषांतर छापले गेले आणि युरोपातल्या कित्येक विद्वानांना उपनिषदांची ओळख झाली ती याच वाटेने. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी तर 'योगसंग्राम' मराठीतच लिहिला. शिवाय बेळगावकरांना गुरुदेव रानडे यांची ओळख का करून द्यायला हवी? तेव्हा ही वाट काही आम्ही पाडलेली नाही.

घरच्यांना उत्तर देणे कठीण होते. शंका विचारणे म्हणजे श्रद्धा सोडणे, ही समजूत सर्व जातीधर्मांच्या घरांत मुरलेली आहे. म्हणून आम्ही बैठकीत इमाम गझाली यांचा विषय मांडला. ११११ साली ते वारले. धर्मनिष्ठेबद्दल त्यांच्याकडे बोट दाखवायची कोणाची छाती नाही. त्यांचे म्हणणे असे की, कापसाला विस्तव लागतो आणि कापूस जळतो एवढेच आपण पाहतो. विस्तवानेच तो जाळला, हे कोणी पाहिले? जाळणारा ईश्वर. यावर बैठकीतले एक शास्त्रीबोवा चटकन् म्हणाले, "अहो, धूर आणि अग्नी यांची व्याप्ती कशी कळणार, असे आमचा चार्वाकही विचारतो!" नास्तिक चार्वाक आणि परम आस्तिक गझाली एकाच बाकावर बसलेले पाहून आम्ही सगळेच थोडे गप्प झालो.

मग परिचारिकाबाईंनी विचारले, "म्हणजे ताप आलेल्या पोराला गोळी द्यायची की नाही?"

त्या संध्याकाळचा खरा प्रश्न हाच होता. गझालींनी हा आक्षेप स्वतःवरच घेतलेला आहे, आणि तोही मोठा गमतीदार: असे मानले तर घरी ठेवलेले पुस्तक एव्हाना घोडा होऊन ग्रंथालयात लीद टाकीत नसेल कशावरून? त्यांचे उत्तर असे की, ईश्वराची रीत ठरलेली आहे आणि ती तशीच चालेल ही जाणीवही त्यानेच आपल्याला दिली आहे. म्हणून गोळी द्यावी. पुढे कॉर्डोव्हाच्या इब्न रुश्द याने त्यांचे खंडन केले: कारणे नाकारलीत तर बुद्धीच नाकारलीत, आणि मग ज्ञान कशाचे? आम्हांस स्वतःला इब्न रुश्दचे म्हणणे पटते. शास्त्रीबोवांना गझालींचे पटले! त्या दिवशी दिवा मालवायला रात्रीचे दहा वाजले.

बैठकीत भांडणे होत नाहीत असे नव्हे. न्यायशास्त्रात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: सत्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःचे काही न मांडता दुसऱ्याचे नुसते खोडून काढणे ती वितंडा. तिसऱ्या प्रकाराची आवड असलेले दोघेतिघे आमच्यातही आहेत. ते आज समोरच बसले आहेत, म्हणून नावे घेत नाही. त्यांच्यासाठी नियम केला आहे की, ज्याचे खंडन करायचे त्याचे म्हणणे आधी त्याला पटेल अशा शब्दांत सांगावे. निम्मे खंडन तिथेच विरते.

तरुण मंडळी मात्र फिरकत नाहीत, ही आमची खंत आहे. आमच्या वडीलधाऱ्यांपैकी एकजण मात्र हल्ली दाराजवळच्या खुर्चीवर येऊन बसतात. बोलत काही नाहीत, पण गुरुवार चुकवीत नाहीत.

येत्या गुरुवारी व्याप्तीचाच विषय पुढे चालेल. वर्गणी नाही. चहा बैठकीतर्फे. दिवा मंद आहे, तेव्हा चष्मा बरोबर आणावा.