डोक्यावरील केशहीन जागा आणि शिक्षकाचा पहिला प्रश्न
(वांगणी येथील केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत दिलेले भाषण)



आजचा विषय वरवर पाहता वैद्यांचा आहे. परंतु मुलाचे मस्तक रोज ज्याच्या दृष्टीसमोर असते, त्या शिक्षकाचाही तो आहे.

प्रारंभी माझ्याच हातून घडलेली चूक सांगतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी माझ्या पहिलीच्या वर्गात एक मुलगी दाखल झाली. तिच्या उजव्या कानशिलाच्या वर दोन बोटे रुंदीची जागा केसांवाचून होती. नायटा समजून मी तिला पंधरा दिवस वेगळ्या बस्करावर बसविले. वर्गाने तिला टोपणनाव दिले ते निराळेच. पुढे तिची आई भेटावयास आली व म्हणाली, “गुरुजी, जावळ काढलं तेव्हापासून तिथं केस आलेच नाहीत.” हे एक वाक्य मी पहिल्याच दिवशी विचारून घ्यावयास हवे होते.

त्या मुलीला जे होते त्याचे वर्णन फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ साबुरो यांनी १९०५ साली केले. कानशिलाच्या वर, कपाळाच्या कडेशी, बहुधा एकाच बाजूस त्रिकोणी अथवा भाल्याच्या पात्यासारखी जागा दिसते. तीवर केस अगदीच नसतात असे नव्हे. बारीक, फिकट लव असते. कातडी निरोगी असते; कोंडा, लाली, खाज यांपैकी काही नसते. ही जागा कधी जन्मतःच असते, तर पुष्कळदा दोन ते नऊ वर्षांच्या दरम्यान, भोवतालचे केस दाट झाल्यावर ध्यानात येते. ती पसरत नाही, भरूनही येत नाही. आयुष्यभर तशीच राहते. ती कोणास लागत नाही व तिला औषधाची गरजही नसते. मोठेपणी इच्छा झाल्यास शस्त्रक्रियेने तेथे केस रोवता येतात.

मात्र प्रत्येक केशहीन जागा अशीच निरुपद्रवी मानणे हीही चूकच होय. नायट्यात पापुद्रे सुटतात, केस मुळाशी तुटून काळे ठिपके दिसतात, खाज येते आणि कधी मानेत गाठी येतात. तो एका फणीवरून दुसऱ्या मस्तकी जातो व केवळ मलमाने बरा होत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे पोटातून औषध द्यावे लागते. चाई पडते ती थोड्याच दिवसांत, गोल व गुळगुळीत. ती संसर्गजन्य नसते आणि तेथे पुष्कळदा केस पुन्हा येतात. घट्ट वेण्यांनी कपाळाकडेचे केस विरळ होतात. काही मुले मनाच्या ताणाने स्वतःच केस उपटतात. तेथे आखूड-लांब केसांची ओबडधोबड जागा दिसते. जन्मतःच पिवळसर, किंचित उंच चट्टा अथवा व्रणासारखी चकचकीत जागा असेल, तर ती डॉक्टरांस अवश्य दाखवावी.

म्हणून पहिला प्रश्न एकच: “हे कधीपासून आहे?” घरी जुने छायाचित्र असल्यास ते पाहावे. आपल्या भागातील वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांत ते बहुधा नसते. तेथे आजीस अथवा अंगणवाडीताईंस विचारावे. त्यानंतर जागा पसरते का, कोंडा वा खाज आहे का, घरातील दुसऱ्या कोणास तसे झाले आहे का, हे पाहावे. एवढे टिपून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल तेव्हा द्यावे. नायट्याची लक्षणे दिसल्यास मात्र न थांबता प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवावे. निदान करणे हे डॉक्टरांचे काम. अचूक माहिती पुरविणे हे आपले. वांगणीहून गाडीने मोठे रुग्णालय गाठावयाचे म्हणजे आईबापांचा एक दिवसाचा रोज बुडतो, हेही विसरू नये.

“किडा लागला” म्हणून जमालगोटा वा लसूण चोळण्याची चाल अद्याप आहे. त्याने कातडी भाजते. पालकांस हे प्रेमाने सांगावे.

डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यात अनेकांचे केस थोड्याच दिवसांत गळाले. तो प्रकार अगदी वेगळा. परंतु तपासणी पुरी होण्यापूर्वीच लोकांनी त्यास ‘टक्कल विषाणू’ हे नाव देऊन टाकले. आपल्या वर्गातही नाव आधी पडते व चौकशी मागाहून होते. हा क्रम उलटा करणे शिक्षकाच्या हाती आहे.

नायटा असला, तरी उपचार सुरू झाल्यावर मुलास शाळेबाहेर ठेवण्याचे कारण नाही. फणी, टोपी व टॉवेल वेगळे ठेवले म्हणजे पुरे. वेगळे बस्कर कोणाच्याही वाट्यास येऊ नये. त्या मुलीची क्षमा मी त्याच दिवशी वर्गासमक्ष मागितली. परंतु वर्गाने दिलेले नाव तिला चौथीपर्यंत पुरले. ती वेळ आपणांपैकी कोणावर येऊ नये, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.