गुप्तता : जनतेकडून घेतलेले कर्ज

(पौड, तालुका मुळशी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गुप्तचर यंत्रणा आणि लोकशाही या विषयावरील चर्चा बहुधा दिल्लीत सुरू होते आणि दिल्लीतच संपते. मुळशी तालुक्यात मात्र तिचा प्रारंभ मुळशीपासूनच करणे उचित ठरेल. कारण राज्यसंस्थेचा आडपडदा आणि जनतेचा उघडपणा यांचा सामना या खोऱ्याने शंभर वर्षांपूर्वीच पाहिलेला आहे.

16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशी पेट्यातील मावळ्यांनी टाटा कंपनीच्या धरणाच्या कामावर जाऊन सत्याग्रहास प्रारंभ केला. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती आणि त्यासाठी मुळा व निळा या नद्यांच्या खोऱ्यातील सुमारे पन्नास गावांची जमीन पाण्याखाली जाणार होती. जमीन-संपादनाची रीतसर कार्यवाही पुरी होण्यापूर्वीच शेतांतून चर खणले जाऊ लागले. सरकार आणि कंपनी यांच्यात काय ठरले, कोणत्या अटींवर ठरले, हे ज्यांच्या भातखाचरांविषयी ठरले त्यांनाच सर्वांत शेवटी कळले. याउलट सत्याग्रहींचे सारेच उघड्यावर होते. तारीख जाहीर, जागा जाहीर, आणि ‘जान किंवा जमीन’ ही प्रतिज्ञाही जाहीर.

या लढ्याने ज्यांना ‘सेनापती’ ही पदवी दिली, त्या पांडुरंग महादेव बापटांना गुप्ततेची विद्या अवगत नव्हती असे नाही. शिष्यवृत्ती मिळवून विलायतेस गेलेल्या या पारनेरच्या तरुणाने पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्ब तयार करण्याचे तंत्र मिळविले होते. त्या तंत्राची पुस्तिका घेऊन ते 1908 साली परतले आणि अलीपूर कटाचा तपास सुरू झाल्यावर सुमारे चार वर्षे त्यांनी अज्ञातवासात काढली. गुप्तता म्हणजे काय, तिने काय साधते आणि माणसाला ती कशी एकाकी करते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. अशा माणसाने मुळशीत उघड्या लढ्याचा मार्ग पत्करला, याला विशेष अर्थ आहे. 1924 साली त्यांनी शस्त्रे हाती घेऊन धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडविली. अहिंसेच्या कसोटीला ते कृत्य उतरत नाही आणि उतरते असे भासविण्याचे कारणही नाही. परंतु त्या कृत्यानंतरही बापट लपले नाहीत. त्यांनी स्वतःला अटक करवून घेतली आणि सात वर्षांची सजा भोगली. आपल्या कृत्याचा जाब देण्यास ते बांधलेले होते.

जाब देण्याचे हे बंधन राज्यसंस्थेला किती आहे? हा लढा चालू असतानाच, 1923 साली, हिंदुस्थानात शासकीय गुपिते कायदा संमत झाला. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही, हा केवळ काळाचा योगायोग; पण तो बोलका आहे. मुळशीचे सत्याग्रही तुरुंगातून सुटले, धरण पुरे झाले, भिऱ्याची वीज 1927 साली मुंबईकडे धावू लागली, इंग्रज गेले, संस्थाने गेली, राज्यघटना आली. तो कायदा मात्र आजही जागेवर आहे.

या कायद्याच्या मागील पिढीशी पुण्याचे नाते जुने आहे. 1889 च्या मूळ कायद्याची व्याप्ती वाढविणारे विधेयक कर्झनच्या राजवटीत आले, तेव्हा केंद्रीय विधिमंडळात नामदार गोखल्यांनी 1903 च्या डिसेंबरात आणि 1904 च्या मार्चमध्ये त्याला विरोध केला. लष्करी आणि आरमारी गुपितांना जे संरक्षण, तेच मुलकी कारभाराच्या कागदांना देण्यास त्यांचा मुख्य आक्षेप होता. सैन्याच्या हालचाली शत्रूपासून लपविणे वेगळे आणि कलेक्टराच्या कचेरीतील चूक रयतेपासून लपविणे वेगळे, असा हा भेद आहे. मवाळ म्हणून ज्यांची संभावना झाली, त्या गोखल्यांना जो भेद 1903 साली दिसला, तो स्वतंत्र भारतातील किती सरकारांना दिसला?

येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे मान्य केली पाहिजे. कोणत्याही राष्ट्राला काही गुपिते ठेवावीच लागतात. सीमेवरील तुकड्यांची जागा, परकीय गोटात जीव धोक्यात घालून काम करणाऱ्या माणसाचे नाव, संदेशांची सांकेतिक लिपी, चालू असलेल्या तपासाची दिशा या गोष्टी चव्हाट्यावर मांडा, अशी मागणी कोणताही जबाबदार समाजवादी करणार नाही. समाजवादी राज्यालाही शत्रू असतात आणि गरिबांच्या वस्तीत फुटणारा बॉम्ब त्यांचे मत विचारून फुटत नाही. तेव्हा गुप्तता हवी की नको, हा वाद निरर्थक आहे. वाद आहे तो गुप्तता कोणाच्या मालकीची, याचा.

अर्थशास्त्राच्या भाषेत या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. राज्यसंस्थेजवळची प्रत्येक माहिती जनतेच्या पैशाने आणि जनतेच्या अधिकाराने मिळविलेली असते. ती मुळात जनतेची मत्ता आहे. सरकार ती काही काळ जनतेलाही न दाखवता जवळ ठेवते, तेव्हा ते जनतेकडून विश्वासाचे कर्ज उचलत असते. कर्जाला तीन गोष्टी लागतात : रक्कम ठरलेली असावी, मुदत ठरलेली असावी आणि हिशेब तपासणारा त्रयस्थ असावा. ज्या कर्जाला मर्यादा नाही, मुदत नाही आणि तपासनीसही नाही, त्याला बाजारात कर्ज म्हणत नाहीत. त्याला अपहार म्हणतात.

आपल्या गुप्तचर यंत्रणांची स्थिती या तिन्ही कसोट्यांवर लावून पाहावी. इंटेलिजन्स ब्यूरो आपला उगम 1887 पर्यंत नेतो. ‘रॉ’ ही परदेशविषयक यंत्रणा सप्टेंबर 1968 मध्ये रामेश्वरनाथ काव यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. यांपैकी एकीचेही अधिकार आणि मर्यादा सांगणारा संसदेचा स्वतंत्र कायदा नाही. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम 24 नुसार या दोन्ही यंत्रणा त्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे उल्लंघन यांच्या आरोपांपुरताच काय तो अपवाद. गुप्त सेवेवरील खर्चाची तपशीलवार तपासणीही महालेखापरीक्षकाकडे जात नाही. नेमलेल्या अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर समाधान मानले जाते. ग्रामपंचायतीच्या पाणपोईचा खर्च ग्रामसभेपुढे येतो, तो यावाही. पण ज्या खर्चातून नागरिकांवरच नजर ठेवता येऊ शकते, त्याचा जाब कोणत्याही सभागृहात खऱ्या अर्थाने द्यावा लागत नाही.

यावर उत्तर येते ते असे : विश्वास ठेवा, सरकारजवळ जी माहिती आहे ती तुमच्याजवळ नाही. या उत्तराची परीक्षा देशाच्या इतिहासात एकदा कागदोपत्री झालेली आहे. 25 जून 1975 च्या रात्री अंतर्गत आणीबाणी पुकारण्यात आली. देशाच्या सुरक्षिततेला धोका आहे, असे जनतेला सांगण्यात आले. पुढे शहा आयोगाने दप्तर उघडले तेव्हा काय आढळले? 12 जून ते 25 जून या काळात अंतर्गत परिस्थिती आणीबाणीच्या थराला गेल्याचा कोणताही अहवाल इंटेलिजन्स ब्यूरोने गृहमंत्रालयाकडे पाठविलेला नव्हता. ज्या गुप्त माहितीच्या नावाने एक लाख दहा हजारांहून अधिक माणसे तुरुंगात डांबली गेली, त्या माहितीची पेटी रिकामी होती! येरवड्याच्या भिंतीआड दिवस काढलेल्या कार्यकर्त्यांना हा निष्कर्ष कोणी शिकवावयास नको. बंद पेटीत रत्ने आहेत की काहीच नाही, हे पेटी उघडल्याखेरीज कळत नाही; आणि पेटी उघडण्याचा अधिकार पेटीच्या राखणदाराकडेच असला, तर ती रिकामी असल्याचे कधीच कळत नाही.

याच वर्षाच्या आरंभी या प्रश्नाची दुसरी बाजू सर्वोच्च न्यायालयापुढे आली होती. समाजवादी नेते राजनारायण यांनी आपल्या निवडणूक अर्जात पंतप्रधानांच्या दौऱ्यातील सुरक्षाव्यवस्थेसंबंधीचे गोपनीय नियमपुस्तक न्यायालयात हजर करण्याची मागणी केली. शासनाने विशेषाधिकाराचा आधार घेतला. जानेवारी 1975 च्या निकालात ते पुस्तक तत्काळ उघडे करण्याचा आदेश झाला नाही. परंतु न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी जबाबदार शासनपद्धतीत सार्वजनिक सेवकांची प्रत्येक सार्वजनिक कृती जाणून घेण्याचा अधिकार जनतेला आहे, हे तत्त्व स्पष्टपणे मांडले. पुढील तीस वर्षांत माहितीच्या अधिकाराची जी चळवळ झाली, तिच्या पायातील हा एक दगड आहे.

गुप्तता शत्रूविरुद्ध असते, असे सांगितले जाते. व्यवहारात ती पुष्कळदा चुकांची ढाल होते. 1962 च्या पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी केली. 2 सप्टेंबर 1963 रोजी संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांनी लोकसभेत तिचे काही निष्कर्ष सांगितले. गुप्तवार्ता गोळा करण्याचे काम समाधानकारक नव्हते, हेही त्यांत होते. चव्हाणांच्या त्या निवेदनाचे मोल कमी नाही. पण मूळ अहवाल साठ वर्षे उलटल्यानंतरही सरकारने प्रसिद्ध केलेला नाही. त्या युद्धाचे सेनानी काळाच्या पडद्याआड गेले, शस्त्रे बदलली, रस्ते बदलले. आता लपविण्यासारखे राहिले आहे ते काय? मुंबईवरील 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यानंतर राज्य सरकारने नेमलेल्या प्रधान समितीचीही कथा फार वेगळी नाही. तिचा अहवाल सुरुवातीला गोपनीय म्हणून दूर ठेवला गेला आणि वृत्तपत्रांतून फुटल्यावर 2009 च्या डिसेंबरात विधिमंडळापुढे आला. केंद्राकडून आलेल्या सूचनांची पद्धतशीर छाननी होत नव्हती, हे त्यातून लोकांना कळले. हल्लेखोरांना मुंबईच्या उणिवा आधीच ठाऊक होत्या. त्या ठाऊक नव्हत्या मुंबईकरांना.

तंत्र बदलले म्हणून प्रश्न बदलत नाही. पूर्वी पाकिटे वाफेवर उघडली जात, मग टेलिफोन ऐकले जाऊ लागले, आता खिशातला फोनच हेर होऊ शकतो. जयप्रकाशजींच्या प्रेरणेने 1976 साली स्थापन झालेल्या पी.यू.सी.एल.च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली टेलिफोन-श्रवणावर काही बंधने घातली. पण परवानगी देणारा अधिकारी शासनाचा आणि तिचा फेरविचार करणारी समितीही शासनाच्याच सचिवांची. 2021 साली पेगासस प्रकरण उघडकीस आले, तेव्हा राष्ट्रीय सुरक्षेचे नाव उच्चारले की न्यायालयाने मुकाट राहावे, हे सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केले आणि निवृत्त न्यायमूर्ती रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तज्ज्ञ समिती नेमली. तपासलेल्या 29 फोनांपैकी 5 फोनांत घातक प्रणाली आढळली. ती पेगाससच होती, असे निश्चित झाले नाही. आणि शासनाने समितीला सहकार्य दिले नाही, हे ऑगस्ट 2022 मध्ये न्यायालयातच सांगण्यात आले. ज्या सरकारला झाकण्यासारखे काही नव्हते, त्याने समितीपुढे दार का लावून घ्यावे?

मग करावयाचे काय? इतर लोकशाही देशांनी या वाटेवर काही पावले टाकली आहेत. अमेरिकेत 1975-76 मध्ये सिनेटर चर्च यांच्या समितीने गुप्तचर यंत्रणांचे स्वदेशातील नागरिकांवरील उद्योग उघडकीस आणले आणि त्यातून कायमस्वरूपी संसदीय देखरेख निर्माण झाली. ब्रिटनने आपल्या अंतर्गत गुप्तचर यंत्रणेला 1989 साली कायद्याचा आधार दिला आणि 1994 साली संसद-सदस्यांची देखरेख समिती नेमली. या देशांत दुरुपयोग संपला, असे कोणी म्हणणार नाही. पण तो उजेडात आणण्याची जागा तरी निर्माण झाली. ज्या इंग्रजांकडून आपण गुपितांचा कायदा घेतला, त्यांनी स्वतः तो बदलला. आपण मात्र त्यांचा जुना अंगरखा अद्याप मिरवीत आहोत. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने 2006 साली 1923 चा कायदा रद्द करण्याची शिफारस केली. तीही कपाटात पडून आहे.

तेव्हा मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक गुप्तचर यंत्रणेला संसदेने केलेला कायदा असावा : ही झाली रकमेची मर्यादा. ठरावीक वर्षांनंतर कागद आपोआप अभिलेखागारात जावेत आणि रोखून धरावयाचे असल्यास कारण लेखी द्यावे : ही झाली मुदत. विरोधी पक्षांसह संसदेची समिती आणि पाळतीची परवानगी देणारा न्यायाधीश असावा : हा झाला तपासनीस. याने राष्ट्र दुबळे होईल, ही भीती निराधार आहे. ब्रिटिश अमदानीतील मुंबई पोलिसांचे गुप्त कागद चाळून मुंबई सरकारने 1957 आणि 1958 साली स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासाची साधने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. आकाश कोसळले नाही; उलट ज्यांच्यावर पाळत होती त्यांचा मोठेपणा आणि पाळत ठेवणाऱ्यांचा घाबरटपणा, दोन्ही लोकांना वाचावयास मिळाले. परक्यांच्या गुपितांचे जे करता आले, ते स्वकीयांच्या गुपितांचे करण्यास संकोच का वाटावा?

मुळशीचा सत्याग्रह हरला, असे इतिहासाची पुस्तके म्हणतात. धरण झाले, गावे बुडाली, हे खरेच आहे. पण त्या मावळ्यांनी एक गोष्ट सिद्ध केली : दुबळ्याला उघडपणा परवडतो. सर्व शस्त्रे, सर्व तुरुंग आणि सर्व दप्तरे ज्याच्या ताब्यात होती, त्या सरकारला तो परवडला नाही. स्वतंत्र देशाच्या सरकारला तो परवडला पाहिजे. न परवडला, तर ते कशाला भिते हे विचारण्याचा हक्क मुळशीच्या शेतकऱ्यापासून मुंबईच्या कामगारापर्यंत प्रत्येकाला आहे, आणि तो विचारीत राहणे हेच त्या कर्जाच्या वसुलीचे पहिले काम आहे.