जगातली गरिबी आणि आपला कचऱ्याचा डबा



१७ ऑक्टोबर हा दिवस संयुक्त राष्ट्रांनी दारिद्र्य निर्मूलनासाठी राखून ठेवला आहे. दिनविशेषात त्याला एखादी ओळ मिळते आणि आपण पुढच्या बातमीकडे वळतो. हा दिवस मुळात कुठल्या कचेरीत ठरला नव्हता. १९८७ साली पॅरिसच्या त्रोकादेरो चौकात जोसेफ व्रेझिन्स्की नावाच्या धर्मगुरूंच्या हाकेवर लाखभर माणसं जमली होती. व्रेझिन्स्की स्वतः अठराविश्वे दारिद्र्यात वाढलेले. दारिद्र्य म्हणजे माणसाच्या हक्कांवर घाला आहे, असं ते सांगत. आणि गरिबांविषयी बोलायचं तर गरिबांना बरोबर घेऊन बोला, हा त्यांचा आग्रह असे. पाच वर्षांनी, १९९२ साली, संयुक्त राष्ट्रांनी तो दिवस आपला मानला.

जागतिक बँकेच्या हिशेबानं दिवसाला तीन डॉलरचीही मिळकत नसलेली सुमारे ८० कोटी माणसं आज जगात आहेत. आकडा ऐकून आपण चुकचुकतो आणि चहाचा घोट घेतो. ८० कोटी माणसं कुणाच्याच डोळ्यांसमोर उभी राहत नाहीत. म्हणून आज तुम्हाला फार लांब नेत नाही. हार्बर लाइनवर चेंबूरच्या पुढची दोनच स्टेशनं घेऊ या, गोवंडी आणि मानखुर्द.

चेंबूरकरांपैकी किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे, पण चेंबूरला रेल्वे आली ती कचऱ्यासाठी. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, शहर हादरलं आणि कचरा वस्तीपासून दूर नेऊन टाकायचं ठरलं. त्यासाठी देवनारची दलदल निवडली गेली. १९०६ साली कुर्ला ते चेंबूर रूळ पडले आणि त्यावरून कचरागाड्या धावू लागल्या. उतारूंसाठी गाडी सुरू व्हायला १९२४ साल उजाडलं. पुढे शहर वाढत वाढत कचऱ्यापाशी येऊन ठेपलं. एका बाजूला चेंबूरचे बंगले आणि सोसायट्या झाल्या, दुसऱ्या बाजूला सव्वातीनशे एकरांचं देवनार डम्पिंग आणि त्याच्या पायथ्याशी शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीकनगर. १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातून निघालेली, शहरातल्या झोपड्या तुटल्यावर इकडे आणून टाकलेली, अशी कितीतरी कुटुंबं इथे टेकली. हाताला दुसरं काम नव्हतं. मग बाया खांद्यावर गोणी टाकून आणि हातात आकडी घेऊन कचऱ्याचा डोंगर चढू लागल्या.

मुंबईचा २००९चा मानवी विकास अहवाल पाहा. शिक्षण, आरोग्य, राहणीमान हे सगळं मोजून प्रत्येक वॉर्डाला शून्य ते एक या मापात गुण दिलेले होते. शहरात सर्वांत तळाला होता एम पूर्व, म्हणजे देवनार, गोवंडी, मानखुर्द. गुण ०.०५. चेंबूरचा बराचसा भाग शेजारच्या एम पश्चिममध्ये मोडतो. जगातल्या विषमतेचा नकाशा पाहायला अ‍ॅटलास उघडायची गरज नाही, पंधरा मिनिटांची रिक्षा पुरते. देवनारलाच १९५४पासून टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. २०११ साली, आपल्या पंचाहत्तराव्या वर्षात, या संस्थेनं हाच वॉर्ड अभ्यासाला आणि कामाला घेतला. पण अहवाल वाचणारे थोडे. चेंबूरच्या स्वयंपाकघरापर्यंत हा विषय पोचला तो वेगळ्याच वाटेनं.

१९७५ साली मुंबईत स्त्री मुक्ती संघटना सुरू झाली. ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेलं ‘मुलगी झाली हो’ हे तिचं नाटक १९८३पासून गावोगाव गाजलं. चाळीत, वस्तीत, मिळेल त्या जागी उभं राहून लोकांशी बोलायचं, हा संघटनेचा शिरस्ता. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस संघटनेतल्या बायकांनी कचरा वेचणाऱ्या बायांचा प्रश्न हाती घेतला आणि ‘परिसर विकास’ हा कार्यक्रम सुरू केला. त्याच सुमारास घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी आपल्या गल्लीचा कचरा आपणच सांभाळायला घेतला होता आणि तो धडा पालिका शहरभर गिरवू पाहत होती. इकडे वर्गीकरण करणारे हात हवे होते, तिकडे हातांना काम हवं होतं. संघटनेनं दोघांची गाठ घालून दिली.

वेचणाऱ्या बायांचे बचत गट झाले. त्यांना ओळखपत्रं मिळाली, खत करायचं आणि बागेची निगा राखायचं शिक्षण मिळालं. भाभा अणुसंशोधन केंद्रात, म्हणजे आपल्या शेजारच्या तुर्भ्यात, विकसित झालेल्या निसर्गऋण बायोगॅस तंत्रावरचे प्रकल्प चालवायला त्या शिकल्या. त्यांना नाव मिळालं ‘परिसर भगिनी’. कालपर्यंत जिला गेटवर वॉचमन हटकायचा, तीच ओळखपत्र दाखवून सोसायटीत शिरू लागली.

तिचं काम जवळून पाहण्यासारखं आहे. सुक्या कचऱ्याचं पोतं उलटं केलं की पाच-सहा ढीग पडतात. पुठ्ठा एकीकडे, रद्दी एकीकडे. कडक प्लास्टिक वेगळं, पातळ पिशव्या वेगळ्या. काच, पत्रा. दुधाची पिशवी धुऊन वाळवलेली असेल तर भंगारवाल्याच्या काट्यावर तिला किंमत येते. तीच आमटीत लडबडलेली आली की फेकून द्यायची. आपण नळाखाली दोन सेकंद धरलेली पिशवी म्हणजे तिची कमाई. आणि आपण वर्तमानपत्रात न गुंडाळता टाकलेली फुटकी काच म्हणजे तिचा कापलेला हात. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३पासून अशाच बायांची संघटना बांधते आहे. तिच्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ संस्थेनं घरोघर सांगितलं, की सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे आमची बाई ती पुडी उघडणार नाही. हा लाल ठिपका काढताना घरातल्यांना कळतं, की आपल्या पुडीच्या दुसऱ्या टोकाला कुणाचे तरी हात आहेत. दारिद्र्याविषयीचं एवढं नेमकं शिक्षण मोठमोठ्या परिषदांतून क्वचितच मिळतं.

देवनारची आग पुष्कळांना आठवत असेल. जानेवारी २०१६च्या अखेरीस डम्पिंग पेटलं. उपग्रहाच्या छायाचित्रात धूर दिसला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. चेंबूरच्या खिडक्या बंद झाल्या आणि संताप उसळला. तो रास्तच होता, धुराविरुद्धची इथल्या रहिवाशांची लढाई त्याआधीपासूनची आहे. महिन्याभरात मुंबई उच्च न्यायालयानं नव्या इमारतींना परवानगी द्यायला मनाई केली, कारण कचऱ्याची धड व्यवस्था नसताना शहरानं आणखी घरं बांधायची कशी? मात्र आगीनंतर डोंगरावर पहारा कडक झाला आणि वेचणाऱ्या बायांची वाट अडली. धुरामुळे आपल्याला डम्पिंग दिसलं, त्यावर पोट असलेली माणसं दिसली नाहीत. उपद्रव म्हणून गरिबी जाणवणं वेगळं आणि नातं म्हणून कळणं वेगळं. पहिल्यातून भिंत उभी राहते. दुसऱ्यातून ओळखपत्र मिळतं.

आणि हे नातं जगभर पसरलेलं आहे. १ मार्च १९९२ रोजी कोलंबियातल्या बारांकिया शहरात कचरा वेचणाऱ्यांची हत्या झाली. त्यांच्या स्मरणार्थ १ मार्च हा दिवस जगभरचे कचरा वेचक पाळतात. २००८ साली बोगोटात त्यांची पहिली जागतिक परिषद भरली, तिथं देशोदेशींचे वेचक एकत्र आले. आपल्याकडे २०१६च्या घनकचरा नियमांनी कचरा वेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यायची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. हे शब्द आपोआप कायद्यात आलेले नाहीत. गोणी खाली ठेवून मोर्चाला आलेल्या बायांनी ते आणलेले आहेत.

आता देवनारचा डोंगर हटवायचं ठरलं आहे. १८५ लाख टन जुना कचरा उपसायची निविदा पालिकेनं २०२५ साली काढली. डोंगर जावा, यात दुमत नाही. पण तो उपसणाऱ्या यंत्रांच्या हिशेबात, तिथं आयुष्य काढलेल्या बायांना काम आहे की नाही, हे विचारणं आपलं काम आहे. ते विचारायचं ठिकाण म्हणजे आपल्या प्रभागाचं कार्यालय आणि आपला नगरसेवक.

तेव्हा श्रोतेहो, यंदाच्या १७ ऑक्टोबरला भाषणं ऐकलीत तर उत्तमच, पण त्याबरोबर काही गोष्टी करा. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवा, दुधाची पिशवी धुवा, काच आणि पॅड गुंडाळून खूण करून टाका. सोसायटीच्या पुढच्या सभेत कचरा उचलणाऱ्या बाईंना खुर्चीवर बसवा आणि त्यांची अडचण त्यांच्याच तोंडून ऐका. त्यांना महिन्याला काय मिळतं, हातमोजे आणि बूट कोण देतं, आजारपणात पगार कापला जातो का, हे इतिवृत्तात लिहून घ्या. आणि त्याच्या पुढच्या सभेत त्यावर काय केलं ते वाचून दाखवा.