डोंगरवाटांसाठी परवडणारे टायर

चारही चाकांना इंजिनाची ताकद पोचवणारे वाहन चिखलात किंवा दगडी चढणीवर कुठवर जाईल, हे शेवटी जमिनीला टेकलेल्या रबराच्या चार लहान तुकड्यांच्या पकडीवर ठरते. इंजिन कितीही जोरकस असले तरी ही पकड सुटली की चाक जागच्या जागी फिरते, खड्डा करते आणि वाहन रुतते. थार, जिम्नी, जुनी जिप्सी किंवा फोर-बाय-फोर कॅम्पर घेऊन शेतावर, वनखात्याच्या कच्च्या रस्त्यांवर अथवा सह्याद्रीतील वाड्यावस्त्यांपर्यंत जाणाऱ्यांना हा अनुभव दर पावसाळ्यात येतो. अशा वाहनांसाठी टायर निवडताना मात्र गरजेपेक्षा दिसण्यावर अधिक पैसा खर्च होतो, आणि ज्याचे बजेट बेताचे आहे त्याचे यात दुहेरी नुकसान होते: टायर महाग पडतो आणि रोजच्या वापरात तो कमी सुरक्षित ठरतो.

बाजारात अशा वाहनांचे टायर मुख्यतः तीन प्रकारांत मिळतात. डांबरी व काँक्रीट रस्त्यांसाठी बनवलेल्या टायरला एच-टी म्हणतात. त्याची नक्षी दाट असते, आवाज कमी होतो आणि आयुष्य भरपूर असते. चिखलासाठीच्या एम-टी टायरवर रबराचे मोठे सुटे ठोकळे असतात आणि त्यांच्यामध्ये रुंद व खोल चर सोडलेले असतात. या दोहोंच्या मधला प्रकार म्हणजे ए-टी, ज्यात ठोकळे मध्यम आकाराचे असतात, चर काहीसे मोकळे असतात आणि बाजूची भिंत, म्हणजे रिमपासून नक्षीपर्यंतचा भाग, पुष्कळदा एच-टीपेक्षा दणकट केलेली असते.

यांपैकी कोणता टायर घ्यावा याचे उत्तर मातीत शोधावे लागते. देशावरील काळी माती ओली झाली की फुगते आणि चिकटते. तिच्यात असलेली चिकणमातीची खनिजे पाणी धरून ठेवतात, त्यामुळे टायरच्या चरांत बसलेला चिखल निघत नाही, आणि दोन-तीन फेऱ्यांत सगळी नक्षी लिंपली जाऊन नवा कोरा टायरही गोटा झालेल्या टायरसारखा घसरू लागतो. एम-टीचे रुंद चर चाक वेगाने फिरताना हा चिखल बाहेर फेकतात, आणि त्याची खरी किंमत याच ठिकाणी वसूल होते. कोकणात परिस्थिती वेगळी आहे. तेथील जांभ्याची माती पाण्याला वाट देते, चिखल तुलनेने पातळ राहतो, पण जांभ्याचे धारदार तुकडे व बांधाचे दगड बाजूच्या भिंतीला कापतात. तेथे चराच्या रुंदीपेक्षा भिंतीचा दणकटपणा अधिक उपयोगी पडतो. सह्याद्रीच्या माथ्यावर काळ्या कातळाची सुटी खडी असते, आणि तीवर मोठ्या ठोकळ्यांपेक्षा मध्यम ठोकळ्यांच्या अनेक कडा चांगल्या रुततात.

या सगळ्यांत एक पृष्ठभाग हमखास विसरला जातो, तो म्हणजे पावसाने भिजलेला घाटाचा डांबरी रस्ता. ताम्हिणी किंवा वरंधा घाट उतरताना एम-टी टायरचे रबर रस्त्याला कमी प्रमाणात टेकते, मोठे ठोकळे ब्रेक दाबताच किंचित वाकतात आणि ओल्या डांबरावर वाहन थांबायला अधिक अंतर लागते. ज्या वाहनाचा बहुतेक प्रवास डांबरावर होतो आणि फक्त शेवटचे काही किलोमीटर कच्चे असतात, त्याला एम-टी लावणे हा केवळ पैशाचा अपव्यय नाही, ती जोखीमही आहे. दररोज काळ्या रानातून जाणारा शेतकरी हा याला अपवाद. बाकी बहुसंख्य मालकांसाठी ए-टी हाच योग्य प्रकार आहे.

परवडणे म्हणजे दुकानातील बिल कमी येणे असा समज आहे, आणि तो मोडायला हवा. टायरचा खरा खर्च दर किलोमीटरला मोजावा. उदाहरणादाखल 8000 रुपयांचा टायर 40000 किलोमीटर चालला असे मानले तर दर किलोमीटरला 20 पैसे पडतात, आणि 14000 रुपयांचा टायर 25000 किलोमीटरच चालला तर तोच खर्च 56 पैशांवर जातो. मऊ ठोकळ्यांचा टायर तापलेल्या डांबरावर लवकर झिजतो, त्यामुळे दुसरा आकडा काल्पनिक असला तरी त्याचा रोख खरा आहे. सिएटचा झार ए-टी, अपोलोचा ॲप्टेरा, एमआरएफचा वाँडरर आणि जेके टायरचा रेंजर ही देशी कंपन्यांची नावे ए-टी वर्गात परिचित आहेत. केंद्र सरकारने जून 2020 मध्ये अनेक प्रकारच्या नव्या टायरांची आयात परवान्याच्या कक्षेत आणली, त्यामुळे परदेशी टायर कधी मिळेल आणि कितीला मिळेल याची खात्री देता येत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून टायरवरील वस्तू व सेवा कर 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला, हा ग्राहकाला मिळालेला मोठा दिलासा आहे.

टायरच्या भिंतीवरील अक्षरे वाचता आली की अर्धी फसवणूक टळते. थारच्या एका प्रकारावर 255/65 आर 18 असे लिहिलेले असते: 255 मिलिमीटर रुंदी, रुंदीच्या 65 टक्के भिंतीची उंची, आर म्हणजे रेडियल बांधणी आणि 18 इंच रिम. त्यापुढचा आकडा व अक्षर भार आणि वेग सांगतात. 110 म्हणजे एका टायरवर 1060 किलो, टी म्हणजे ताशी 190 किलोमीटर आणि क्यू म्हणजे 160. उत्पादनाची तारीख चार अंकांत असते. 1824 म्हणजे 2024 सालचा अठरावा आठवडा. स्वस्तात देऊ केलेला टायर पाच-सहा वर्षे गोदामात पडलेला असेल तर नक्षी शाबूत दिसली तरी रबर कडक झालेले असते. भारतीय मानक आयएस 15633 आणि आयएसआयची खूण हीही पाहून घ्यावी.

फोर-बाय-फोर वाहनाच्या बाबतीत काटकसरीचा एक मार्ग पूर्ण वर्ज्य आहे, तो म्हणजे दोनच टायर बदलणे. थार, जिम्नी व जिप्सी यांत पुढच्या आणि मागच्या धुरांमध्ये वेगाचा फरक सामावून घेणारा मधला डिफरन्शियल नसतो. फोर-व्हीलचा गिअर टाकला की दोन्ही धुरा समान वेगाने फिरण्यास बांधल्या जातात. 255/65 आर 18 या नव्या टायरचा व्यास सुमारे 789 मिलिमीटर भरतो आणि एका फेऱ्यात तो अंदाजे 2478 मिलिमीटर अंतर कापतो. पुढचे टायर 7 मिलिमीटर झिजलेले असले तर त्यांचा व्यास 14 मिलिमीटरने घटतो आणि एका फेऱ्यात ते 44 मिलिमीटर मागे पडतात, म्हणजे 100 मीटरच्या अंतरात दोन धुरांमध्ये जवळजवळ पाऊण फेऱ्याची तफावत साचते. सैल मातीत चाक थोडे घसरून हा ताण मोकळा करते. कोरड्या डांबरावर तसे होत नाही, आणि ताण गिअरांवर, साखळीवर व टायरच्या रबरावर येतो. दोन टायरांचे वाचवलेले पैसे मग ट्रान्सफर केसच्या दुरुस्तीत जातात. ट्रान्सफर केस म्हणजे इंजिनाची ताकद दोन्ही धुरांकडे वाटणारी पेटी, आणि तिचे काम कुठल्याही गॅरेजात स्वस्तात होत नाही.

पकड वाढवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय टायरच्या दुकानात नसून हवेच्या मीटरमध्ये आहे. एका चाकावर सुमारे 450 किलो भार असेल आणि हवा 30 पाउंड, म्हणजे दर चौरस इंचावर 30 पाउंड दाब असेल, तर ढोबळ हिशेबाने 33 चौरस इंच रबर जमिनीला टेकते. हवा 18 पाउंडांवर आणली की हाच पट्टा 55 चौरस इंचांच्या आसपास जातो, मुख्यतः लांबीने वाढतो आणि वाळूत वा दलदलीत चाक वर तरंगते. भिंतीच्या ताठपणामुळे प्रत्यक्ष वाढ थोडी कमी असते, तरी फरक चाकाकडे पाहताच कळतो. मात्र 15 पाउंडांच्या खाली गेल्यास वळणावर टायर रिमवरून निसटू शकतो, आणि कमी हवेने डांबरावर वेगात गेल्यास भिंत तापून फुटते. म्हणून बारा व्होल्टचा छोटा पंप गाडीत असणे अत्यावश्यक आहे. गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर वाहन नेणे हा गुन्हा आहे, त्यामुळे वाळूचा सराव तेथे करू नये.

नव्या टायरचे पैसे जमत नसतील तर एक चांगला पर्याय मोठ्या शहरांतील टायरविक्रेत्यांकडे मिळतो. नवी थार घेतल्याबरोबर काही हौशी मालक मूळ टायर उतरवून भपकेबाज टायर बसवतात, आणि ते मूळ टायर कमी दरात विकले जातात. असे चार एकसारखे टायर, तारीख तपासून आणि आतल्या कडेला चीर नाही याची खात्री करून घेतले तर ते नव्याहून फारसे कमी नसतात. याउलट जुन्या सांगाड्यावर नवे रबर चढवलेले रिट्रेड टायर दगडी वाटेसाठी घेऊ नयेत, कारण तेथे मार बसतो तो जुन्या भिंतीलाच. वापरातल्या टायरच्या नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरवर आली की चरांतील उंचवटे नक्षीच्या बरोबरीला येतात आणि टायर कायद्यानेही बाद होतो. ओल्या कच्च्या वाटेवर त्याचा उपयोग त्याच्या कितीतरी आधी संपलेला असतो.

स्टेपनी त्याच मापाची, त्याच कंपनीची घ्यावी, आणि साधारण दर 8000 ते 10000 किलोमीटरनंतर पाचही टायर आळीपाळीने फिरवून लावावेत; असे केले तर पाचही सारखे झिजतात, आणि आडवाटेवर पंक्चर झाल्यावर स्टेपनी लावूनही फोर-व्हीलचा गिअर निर्धास्तपणे टाकता येतो.