उन्हाळा आणि घरातील वृद्ध माणसे
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील भाषण)



उन्हाळा आला की ‘दुपारी उन्हात जाऊ नका’ हा उपदेश सर्वत्र ऐकू येतो. उपदेश योग्यच आहे. परंतु ज्या वृद्धाचे पाऊल उंबऱ्याबाहेर क्वचितच पडते, त्यास त्याचा उपयोग काय? पत्र्याच्या छपराखालची खोली दुपारी अंगणातील लिंबाच्या सावलीहून कितीतरी अधिक तापते. ऊन बाधते ते बाहेरच, ही समजूत म्हणूनच अपुरी होय.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न शाळेच्या दाराशीच येऊन उभा राहतो. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून दरवर्षी पुष्कळ कुटुंबे ऊसतोडणीस जातात. दिवाळीच्या सुमारास गाव सोडलेली ही माणसे मार्च-एप्रिलात परततात. तोवर अनेक घरांत आजी-आजोबा आणि शाळेत जाणारी नातवंडे एवढीच मागे उरतात. 2021–22 चा गळीत हंगाम महाराष्ट्रात जूनपर्यंत लांबला. त्याच हंगामातला मार्च 2022 हा, सरासरी कमाल तापमान पाहता, 1901 पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत उष्ण मार्च ठरला. ऊन लवकर आले आणि कर्ती माणसे उशिरा, असे ते वर्ष होते. पुन्हा तसे होणार नाही, असे कोणी म्हणू नये.

उतारवयात शरीराच्या दोन सोयी मंदावतात. घाम पूर्वीसारखा सुटत नाही, आणि तहान वेळेवर लागत नाही. दुसरी गोष्ट अधिक घातक, कारण ती दिसत नाही. अंगातील पाणी आटत असतानाही वृद्ध मनुष्य ‘मला तहान नाही’ असे म्हणतो, आणि ते खरेच असते. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असल्यास पाणी आणखी लवकर कमी होते.

येथे एक कारण असे आहे की त्याचा उच्चार सहसा होत नाही. आजी पाणी कमी पिते ते पुष्कळदा जाणूनबुजून. लघवीसाठी रात्री अंधारात उठावे लागेल, बाहेर जावे लागेल, पडण्याची भीती. म्हणून ती सायंकाळपासून तांब्याला हात लावीत नाही. टँकरच्या गावी तर भरलेला हंडा लेकरांना पुरावा म्हणून ती स्वतः आवरते. तिला आरोग्याचे व्याख्यान देऊन काही साधत नाही. तिच्या बाजेपासून मोरीपर्यंतची वाट मोकळी असावी, रात्री तेथे दिवा असावा. मग ती आपण होऊन पिईल.

आणि पाणी तिने मागण्याची वाट पाहू नये. ते हातात द्यावे. हे काम नातवंडाइतके चांगले कोण करील? सकाळची शाळा सुटून मूल घरी येते ते ऐन ऊन चढत्या वेळी. आल्याबरोबर आजीस भांडेभर पाणी द्यावे, स्वतःही प्यावे, आणि दर तासाला हे चालू ठेवावे. ताक, पन्हे, नाचणीची आंबील यांपैकी जे घरी असेल ते उत्तम. मात्र ज्यांना हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांच्या पाण्यामिठाचे प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे. लघवीची गोळीही आपल्या मनाने बंद करू नये. खिशात कांदा बाळगल्याने ऊन लागत नाही, असे मानणारे अजून आहेत. कांदा भाकरीबरोबर खावा. खिशात त्याचा काही उपयोग नाही.

पत्र्यावर उसाचे पाचट वा कडबा पसरल्यास खोली कमी तापते. मात्र ते चुलीच्या धुराड्यापासून दूर असावे. दुपारी बाज झाडाखाली हलवावी. हवाच 40 अंशांवर गेली की नुसता पंखा गरम वारा अंगावर घालतो. तेव्हा ओल्या पंचाने अंग पुसून मग वारा घ्यावा.

श्रावणबाळ योजनेच्या पैशांसाठी बँकेत जाणे सकाळीच उरकावे. मढीच्या यात्रेस जाणाऱ्यांनीही दुपारची चाल टाळावी. आकडा 40 च्या आत आहे एवढ्यावर विसंबू नये. 16 एप्रिल 2023 रोजी खारघर येथे उघड्या मैदानावरील समारंभानंतर उष्माघाताने 14 माणसे दगावली. त्या दिवशी जवळच्या केंद्रावर नोंदलेले तापमान सुमारे 38 अंश होते.

मुलांना एक खूण पक्की शिकवावी. आजी असंबद्ध बोलू लागली, ओळख पटेनाशी झाली, अंग तव्यासारखे तापले, तर ती झोपेत आहे असे समजू नये. शेजाऱ्यास हाक मारावी, 108 ला दूरध्वनी करावा, तिला सावलीत आणून अंगावर पाणी ओतावे व वारा घालावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी मुळीच घालू नये.

शाळेला सुटी लागली की मुलांची रोजची विचारपूस थांबते. तेव्हा ज्यांचे आईवडील कारखान्यावर आहेत, अशा मुलांची नावे वर्गशिक्षकांनी एप्रिलातच काढावी, आणि ती घरे गावातील आशाताईंस दाखवून ठेवावी.