सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार्जिंग

विजेवरच्या गाडीसाठी चौथ्या मजल्यावरून एक्स्टेंशन बोर्ड खाली सोडू नका, ही कळकळीची विनंती. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते. पण ३.३ किलोवॅटचा साधा चार्जर रात्रभर सलग चालतो, कमकुवत वायर तापते. म्हणून मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत स्वतंत्र जाड केबल, एमसीबी, गळती होताच वीज तोडणारा ईएलसीबी आणि चोख अर्थिंग हवंच. काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. अशा दहा गाड्या एकदम लागल्या, तर ३३ किलोवॅटचा भार! तेव्हा कमिटीने सभासदाला थेट नकार देण्याऐवजी इमारतीचा मंजूर भार आधी तपासावा. उपलब्ध वीज गाड्यांमध्ये वाटून देणारे चार्जरही आता मिळतात.